वरचे देरासर, खालचे तळे : मुंबईच्या मलबार हिलविषयी
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत एक पुष्प मी गुंफावे, असा आग्रह विश्वस्तांनी धरला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. बी.कॉम. झालो, ते खतावणी वाचता यावी एवढ्यापुरते. बाकी आयुष्य ताके उलगडण्यात आणि पुन्हा घडी करण्यात गेले. तेव्हा आत्मा, कर्म, मोक्ष यांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तो अधिकार ज्यांचा आहे ते महाराजसाहेब चातुर्मासात आपल्याला भरभरून देऊन गेले आहेत. मी आज एका टेकडीविषयी बोलणार आहे. आपल्या ट्रस्टची यात्रा मुंबईला जाते, तेव्हा आपण सारे ज्या टेकडीवर बसने चढतो, आदिनाथ भगवंतांचे दर्शन घेतो आणि नवकारशी आटोपून पुढच्या स्थानाला निघतो, ती मलबार हिल.

या टेकडीशी माझा संबंध १९८० साली आला. परीक्षेचा निकाल लागला आणि वडिलांनी मला मामांच्या पेढीवर धंदा शिकण्यासाठी पाठवले. मामांचा गाळा मुळजी जेठा मार्केटमध्ये होता. १८७४ साली उभे राहिलेले हे मार्केट म्हणजे कापडाचे एक गावच. आत शिरलेल्या नवख्या माणसाला बाहेर पडण्याची वाट विचारावी लागे. मी भुलेश्वरला एका खोलीत चौघांबरोबर राहत असे. रविवारी बाजार बंद. मग आंघोळ करून, पूजेची वस्त्रे पिशवीत घेऊन, गिरगाव चौपाटीवरून चालत मी टेकडी चढे. बसचे पैसे वाचत, हे एक कारण. आणि वर पोहोचेपर्यंत समुद्राचा वारा मिळे, हे दुसरे. सहा वर्षे हा क्रम सहसा चुकला नाही.

रिज रोडवरचे बाबू अमीचंद पन्नालाल यांचे देरासर आपणा सर्वांना ठाऊक आहे. १९०४ साली ते उभे राहिले. प्रवेशाशी दगडाचे दोन हत्ती, मूळनायक श्री आदीश्वर भगवान, वरच्या मजल्यावर पार्श्वनाथ प्रभू, घुमटात रंगवलेल्या राशी. एक देरासर बांधले गेले, एवढेच आपण लक्षात ठेवतो. ते १९०४ च्या सुमारास तेथेच का बांधले गेले, हा प्रश्न माझ्या मनात फार उशिरा आला. त्याचे उत्तर शोधताना ही टेकडी मला हळूहळू समजू लागली.

मुंबई हा मुळात बेटांचा पुंजका. त्यातील मुंबई बेटाच्या नैर्ऋत्येला काळ्या दगडाचा हा कणा समुद्रात घुसला आहे. एकीकडे मलबार पॉइंट, दुसरीकडे कुलाबा, आणि मध्ये कमानीसारखा बॅक बे. नावाविषयी असे सांगतात की, मलबार किनाऱ्याकडील चाचे या बाजूला लपत असत. तिकडून येणाऱ्या यात्रेकरूंमुळे नाव पडले, असेही काही जण म्हणतात. दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे नाव बाहेरून आलेल्या माणसांवरून पडले.

येथील सर्वांत जुनी वस्ती टेकडीच्या माथ्यावर नव्हती. ती होती पायथ्याशी, वाळकेश्वराला. सीतेच्या शोधात निघालेल्या श्रीरामांनी येथे वाळूचे लिंग करून पूजा केली, म्हणून वालुकेश्वर. तहान लागली तेव्हा बाण मारून गंगा आणली, म्हणून बाणगंगा, अशी लोककथा आहे. इतिहास सांगतो की, येथील मूळ मंदिर शिलाहारांच्या काळातील. बाणगंगेचे तळे ११२७ साली शिलाहारांच्या दरबारातील लक्ष्मण प्रभू या मंत्र्याने बांधले, असे मानले जाते. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना तळ्याचे पाणी गोडे आहे. मी ते पहिल्यांदा चाखले तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. आत जिवंत झरा आहे, एवढे त्याचे सरळ कारण.

पोर्तुगीजांच्या अमलात मूळ मंदिर पाडले गेले. पुढे बेट इंग्रजांकडे गेले, १६६८ मध्ये कंपनीच्या ताब्यात आले, आणि १७१५ साली रामा कामत नावाच्या एका व्यापाऱ्याने मंदिर पुन्हा बांधवले व तळेही नीट केले. या रामा कामताविषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे. तो आपल्यासारखाच बाजारातला माणूस. जातीने गौड सारस्वत, कंपनीच्या देशी शिपायांचाही प्रमुख. १७१८ च्या नाताळात कोटातील इंग्रजांचे सेंट थॉमस चर्च उघडले, तेव्हा तो आपल्या ज्ञातीच्या मंडळींसह तेथे हजर होता. ज्याने स्वतःच्या देवाचे पाडलेले मंदिर तीनच वर्षांपूर्वी उभारले, तो दुसऱ्याच्या प्रार्थनामंदिराच्या उद्घाटनाला गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, १७२० मध्ये, त्याच इंग्रजांनी त्याच्यावर कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवला. खटला झाला, मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ च्या सुमारास तो कैदेतच मरण पावला. ज्या पत्रांवर हा खटला उभा होता ती बनावट होती, असे पुढे म्हटले गेले. पत, प्रतिष्ठा, साहेबाशी घरोबा यांपैकी काहीही कामी आले नाही. तळे मात्र आजही भरलेले आहे.

टेकडीच्या उतारावर पारशी समाजाने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातच आपले दोखमे बांधले. त्या काळी हा सगळा भाग रानाचा होता आणि अंत्यविधीला असा एकान्तच हवा होता. आजही डुंगरवाडीची पन्नासहून अधिक एकरांची झाडी दक्षिण मुंबईच्या फुफ्फुसासारखी आहे. पशुवैद्यकातील एका वेदनाशामक औषधामुळे, डायक्लोफेनॅकमुळे, १९९० नंतर देशातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली आणि या समाजापुढे केवढा धर्मसंकटाचा प्रसंग उभा राहिला! त्यांनी सूर्यकिरण एकवटणारी साधने बसवून वाट काढली. त्यावर त्यांच्यातही दोन मते आहेत. जीवसृष्टीतील एक कडी तुटली की तिचा हादरा कोठवर पोहोचतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

साहेब लोक टेकडीवर बरेच नंतर आले. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी मलबार पॉइंटला बंगला बांधला, पण गव्हर्नरांचे मुख्य निवासस्थान परळला होते. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचे तेथे पटकीने निधन झाले आणि १८८५ पासून मलबार पॉइंट हेच कायमचे निवासस्थान झाले. तेच पुढे राजभवन झाले. परळच्या त्या जुन्या वाड्यात पुढे डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण आढळला. मांडवी, भुलेश्वर, काळबादेवी या आपल्या व्यापाऱ्यांच्या वस्त्या. खाली पेढी आणि वर बिऱ्हाड, अशी आपली रीत. माणसे पटापट मरू लागली. ज्यांना शक्य होते त्यांनी उघड्या हवेच्या जागा धरल्या, आणि मलबार हिलइतकी उघडी हवा दुसरीकडे कोठे होती? दिनशा पेटिट यांच्यासारखे गिरणीमालक तर आधीपासूनच टेकडीवर होते. आता गुजराती, कच्छी, मारवाडी पेढ्यांची कुटुंबेही वर येऊ लागली. घराजवळ देवदर्शन हवेच. देरासर १९०४ सालचे. माझ्या मनातील प्रश्नाचे उत्तर मी असे लावले आहे.

टेकडीच्या माथ्यावर हँगिंग गार्डन आहे. त्याला फिरोजशहा मेहतांचे नाव आहे. लहानपणी तेथे गेलेल्या प्रत्येकाला कमला नेहरू पार्कातील म्हातारीचा बूट आठवत असेल. मात्र आपण ज्या हिरवळीवर बसून घरच्या पुऱ्या खातो, तिच्याखाली एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बांधलेला प्रचंड जलाशय आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागाचे पाणी येथूनच उतरते. २०२३ मध्ये हा जलाशय पाडून नवा बांधण्याचा महानगरपालिकेचा विचार पुढे आला. त्यात शेकडो झाडांवर संकट येणार होते आणि बाग काही वर्षे बंद राहणार होती. रहिवाशांनी विरोध केला, तज्ज्ञांनी आत उतरून पाहणी केली आणि पुनर्बांधणी मागे पडून दुरुस्तीचा मार्ग पुढे आला. श्रीमंतांना शेजारपाजार नसतो, असे आपण सहज म्हणून जातो. या प्रसंगी तरी ते खोटे ठरले. २०२० च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीत टेकडीची एक कड कोसळून रस्ता बंद झाला होता, तेव्हापासून झाडांची मुळे काय धरून ठेवतात हे तेथील लोकांना नेमके कळले असावे. २०२५ च्या मार्चअखेरीस याच उतारावरील झाडीतून ४८५ मीटर लांबीचा लाकडी उन्नत मार्ग खुला झाला. मी गुडघ्यांची तक्रार बाजूला ठेवून तो चालून आलो. उत्तम आहे.

राजकारणाचे अनेक अध्याय या टेकडीवर लिहिले गेले. बॅरिस्टर जिनांचा बंगला १९३६ साली वास्तुविशारद क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यानुसार बांधला गेला. १९४४ च्या सप्टेंबरात महात्माजी त्याच बंगल्यात अनेक दिवस बोलणी करण्यासाठी जात होते. बोलणी फिसकटली, पुढचे आपण जाणतो. आज मुख्यमंत्र्यांचे 'वर्षा', 'सह्याद्री' अतिथिगृह, राज्यपालांचे निवासस्थान असे सारे येथेच आहे. पण हे वर्तमानपत्रांतून नित्य येते, म्हणून मी त्यावर थांबत नाही.

मला थांबायचे आहे ते पुन्हा पायथ्याशी.

शेजारच्या गाळ्यावर माझ्याच वयाचा एक सेल्समन होता. मूळचा कोकणातला; पण त्याचे आजोबा वाळकेश्वरला आले, तेव्हापासून कुटुंब बाणगंगेच्या काठी दोन खोल्यांत राहत होते. त्याचे नाव मी येथे घेत नाही. त्याला ते आवडणार नाही. मार्केटमध्ये पदवीधर कारकून दुर्मीळ, म्हणून तो मला 'बीकॉम' म्हणे. "काय रे बीकॉम, वरच्या देवाला भेटून झालं असेल तर खाली ये," असे त्याचे रविवारचे आमंत्रण असे. पूजा आटोपून मी तीनबत्तीवरून खाली उतरे.

त्यांच्या घरी मासे होत. त्याशिवाय कोकणी माणसाचा रविवार कसा जाणार? पण मी जायला लागल्यावर काही रविवारांनी माझ्या लक्षात आले की, मी असेन त्या दिवशी घरात तो वास नाही. त्याच्या आईला मी काकू म्हणत असे. त्यांनी माझ्यासाठी एक तवा, एक पातेले आणि एक ताट वेगळे काढून फळीवर उलटे ठेवले होते. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, हे त्यांनी मला न विचारताच कोणाकडून तरी समजून घेतले होते. गप्पांत सूर्य कलू लागला की म्हणत, "अरे, दिवस बुडायच्या आत दोन घास खाऊन घे, नाहीतर उपाशी निजशील." पर्युषणात तर माझ्यासाठी पाणी उकळून, गार करून ठेवलेले असे. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, मार्केटमधला माल आटला, कित्येक गाळ्यांवर पगार थकले. त्या घरातही ओढाताण होती. माझे ताट एकदाही चुकले नाही.

१९८६ मध्ये मी गावी परतलो, दुकान टाकले, प्रपंच वाढला. मित्राचा मुलगा शिकून मोठ्या पदावर गेला. २०११ साली त्याने मलबार हिलवरच, देरासराच्या बाजूला एका इमारतीत घर घेण्याचे ठरवले. आजोबांच्या तळ्यापासून चालत जाता येईल असे घर. पैशांची तयारी होती. योगायोगाने माझा भाचा त्या सोसायटीच्या कमिटीवर होता. मित्राने मला फोन केला, "बीकॉम, एक शब्द टाक." मी मुंबईला गेलो. भाच्याच्या दिवाणखान्यात कमिटीची चार मंडळी चहाला बसली होती. सगळी भली माणसे, नित्य पूजा करणारी. ते म्हणाले, "शेठ, माणसे चांगली आहेत, पण ती आपल्या खाण्यातली नाहीत. आज एकाला हो म्हटले तर उद्या कोणाला अडवणार?" माझ्या डोळ्यांपुढे फळीवरचा उलटा तवा होता. मी ती गोष्ट सांगू शकलो असतो. मी चहा संपवला आणि "बघा, तुमच्या नियमात काय बसते ते," एवढे बोलून उठलो.

घर मिळाले नाही. मी मित्राला फोनवर कळवले तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "काही हरकत नाही, शेठ." एकतीस वर्षांच्या ओळखीत त्याने मला पहिल्यांदा शेठ म्हटले होते.

बंधूंनो, मी आजन्म शाकाहारी आहे, चोविहार सांभाळतो, आणि हिंसेविषयीचे आपले धोरण यत्किंचितही सैल व्हावे असे मला वाटत नाही. माझ्या उंबऱ्याच्या आत काय शिजावे, हे धर्माने मला सांगितले आहे. पण ज्या टेकडीवर आपण १९०४ साली देरासर बांधले, तिच्यावर आपल्या आधी शिवाचे मंदिर होते, मठ होते, पारशांचे दोखमे होते, धोबी आणि कोळी होते. आपल्याला तेथे येताना कोणी काय खाता, असे विचारले असते तर? अनेकान्ताचा सिद्धान्त जगाला देणाऱ्या समाजाने हा प्रश्न निदान स्वतःशी विचारावा. काकूंनी त्यांचे खाणे सोडले नव्हते आणि माझे मोडले नव्हते. त्यासाठी त्यांना एक तवा पुरला.

हे आजच बोलण्याचे कारणही सांगून टाकतो. उपाश्रयाशेजारच्या आपल्या जागेवर नवी इमारत बांधण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. तेथील जुन्या भाडेकरूंत आपल्या समाजाबाहेरची कुटुंबेही आहेत. त्यांतील काही ट्रस्ट स्थापन होण्याच्या आधीपासूनची. नियमावलीच्या मसुद्यात एक कलम आहे, त्याप्रमाणे त्या कुटुंबांना रक्कम देऊन दुसरीकडे पाठवायचे आहे. रक्कम उचित आहे, कोणावर अन्याय व्हावा असा कोणाचाही हेतू नाही, हे मी जाणतो. उपाश्रयाच्या आवारात आपले आचार पाळले गेले पाहिजेत, हेही मला मान्य आहे. तरी त्या कुटुंबांना त्याच इमारतीत, रस्त्याकडील बाजूस वेगळ्या जिन्याने जागा द्यावी, असे माझे मत मी विश्वस्तांना लेखी दिले आहे. निर्णय अर्थातच त्यांचा. २०११ साली चहा पिऊन उठलो होतो. या वेळी कागद देऊन आलो, इतकेच.

काकू आता नाहीत. दर कार्तिकी पौर्णिमेला बाणगंगेच्या पायऱ्यांवर पणत्या लावतात. त्याच दिवशी शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते आणि ज्यांना पालिताण्याला जाता येत नाही, ते आपापल्या गावी पटाचे दर्शन घेतात. २०१८ साली मी त्या दिवशी मुद्दाम मुंबईला गेलो. सकाळी वर आदीश्वर दादांचे दर्शन घेतले आणि संध्याकाळी खाली उतरलो. मित्र पायरीवर बसला होता. त्याने सरकून जागा केली, बायकोला हाक मारून चहा मागवला, नातवाला माझ्या पाया पडायला लावले. कापडाच्या भावापासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्यावर बोललो. त्या एका गोष्टीवर दोघेही बोललो नाही. तो मला अजून शेठच म्हणतो.

२०२४ च्या जूनमध्ये गाळ काढण्यासाठी यंत्र तळ्यात उतरवताना बाणगंगेच्या काही पायऱ्यांना इजा झाली, तेव्हा त्याचा फोन आला होता. आवाज घरातले कोणी पडून हाड मोडावे तसा होता.

आपली पुढची यात्रा मुंबईला जाईल तेव्हा बस देरासरापाशी तासभर तरी थांबते. दर्शन झाल्यावर आयोजकांना सांगून अर्धा तास मागून घ्या. तीनबत्तीपर्यंत या, तेथून राज्यपालांच्या निवासस्थानाच्या दिशेने चालू लागा, उजव्या हाताला खाली उतरणाऱ्या पायऱ्या विचारा. कोणीही दाखवील. उतरताना दोन्ही बाजूंना लहान लहान घरे लागतील, दारात तुळस असेल, एखाद्या घरातून मासे तळल्याचा वास येईल. नाकाला रुमाल लावू नका. तळ्याच्या काठी बसायला जागा आहे, बदके आहेत, पाणी गोडे आहे. ज्येष्ठांनी काठी बरोबर ठेवावी. पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि पावसाळ्यात निसरड्या होतात.

 बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.